कांद्याचा वरचा पापुद्रा आणि ताईचा गुडघा

प्रश्न असा होता : शरीराचे वजन फारसे उतरले नाही, तरी रोजच्या जेवणातील भाज्या, फळे आणि कडधान्ये यांच्या रंगद्रव्यांमुळे स्थूल माणसाच्या अंगातला दाह कमी होतो काय? या एका प्रश्नासाठी मी सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापूरहून नगर जिल्ह्यात गेले. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पुस्तकातला प्रश्न घेऊन कोणी एसटीत बसत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु हा प्रश्न पुस्तकातून निघून आमच्या घरात आला होता, आणि तो ताईच्या उजव्या गुडघ्यात येऊन बसला होता.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण विमल. ती नगरच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. अंगाने पहिल्यापासून भरलेली. गेली काही वर्षे तिचा उजवा गुडघा सुजतो, आणि आदल्या हिवाळ्यापासून तर ती सूज रात्रीच्या विश्रांतीनेही उतरेनाशी झाली होती. अशातच तिची बदली भंडारदऱ्याकडच्या डोंगरातील एका उपकेंद्रावर झाली. उपकेंद्राचे काम म्हणजे पाड्यापाड्यांवर पायी जाऊन बाळंतिणी पाहणे आणि मुलांना लसी टोचणे. जूनच्या आरंभी तिने रुजू व्हायचे, नाहीतर गुडघ्याचे कारण देऊन बदली रद्द करून घ्यायची. रद्द झाली, तर तिला रुग्णालयाच्या भांडारात बसावे लागणार होते.

"कापसाचे गठ्ठे सांभाळत निवृत्त व्हायचं असतं, तर मी नर्स झालेच नसते," ती मला म्हणाली. नोकरीची पहिली वर्षे तिने त्याच डोंगरात काढली होती. तिला तिकडे परत जायचे होते, आणि गुडघा नाही म्हणत होता.

आता थोडे विज्ञान सांगते. कांद्याचा तांबूस रंग, जांभळाचा काळसर रंग, कडधान्याच्या टरफलाचा तपकिरी रंग यांच्यामागे, आणि कित्येकदा डोळ्यांना न दिसणाऱ्या फिकट पिवळ्या छटेमागेही, वनस्पतीने तयार केलेली काही द्रव्ये असतात. त्यांतील एका मोठ्या कुळाला फ्लॅव्होनॉइड म्हणतात. परीक्षानळीत ही द्रव्ये दाह वाढवणाऱ्या रसायनांना आवर घालताना दिसतात. दुसरीकडे, अंगावरची चरबी ही केवळ साठवणीची कोठी नसून ती स्वतःच दाह पेटता ठेवणारे संदेश शरीरभर पाठवत असते, असे अलीकडे संशोधक म्हणू लागले आहेत. म्हणजे जड माणसाच्या गुडघ्यावर दोन भार असतात : एक वरून पडणारा वजनाचा, दुसरा रक्तातून येणारा. पहिला भार सगळ्यांना दिसतो. दुसरा जेवणाने हलका होतो का, हे मला पाहायचे होते. परीक्षानळीत घडते ते माणसाच्या पोटात गेल्यावरही घडते, असे मात्र अजून कोणी खात्रीने सांगितलेले माझ्या वाचनात नाही.

पद्धत साधी ठरवली. शिवणाचा पांढरा दोरा रोज सकाळ-संध्याकाळ ताईच्या गुडघ्याच्या वाटीवरून फिरवायचा आणि टोके जुळतील तिथे शाईची खूण करायची. डॉक्टरांनी दिलेली गोळी तीच आणि त्याच वेळी. बदलायचे ते फक्त जेवण. आमची मावसबहीण कमल मिरजगावजवळच्या वस्तीवर राहते. तिला मी पत्राने कळवले : आम्ही दोघी येत आहोत, आणि तुम्ही रोज जे खाता तेच आम्हाला वाढा.

मिरजगाव

मी सोलापूरहून आणि ताई नगरहून, अशा आम्ही दोघी मिरजगावच्या थांब्यावर भेटलो. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना कांद्याने भरलेले टेम्पो उभे होते, आणि उन्हात त्या कोरड्या पातीचा तिखट-गोड वास साऱ्या गावावर पसरला होता. कमलचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, बैलगाडी घेऊन आले होते. "जय भीम" करून त्यांनी ताईला गाडीवर चढायला लाकडी पेटी लावून दिली, आणि बैलांना म्हणाले, "आज जरा जपून रं, सरकारी माल हाय."

वस्तीवर घरासमोरच कांद्याची चाळ होती. तुरीच्या वाळक्या काटक्यांच्या भिंती, वर उसाच्या पाचटाचे छप्पर, आणि आत वारा खेळेल अशी भरलेली कांद्याची रास. कमलच्या सासूबाई गयाबाई दाराशी भाकरतुकडा ओवाळायला उभ्या होत्या. हात-पाय धुऊन आम्ही पाटावर बसलो आणि ताटे आली. ताटात पुऱ्या होत्या, शिरा होता, पांढराशुभ्र भात होता, सोललेल्या बटाट्याची भाजी होती. कांदाही होता, पण तो पाहून मी थक्क झाले. वरचे सगळे तांबडे पापुद्रे काढून, आतला कोवळा पांढरा गाभा तेवढा आमच्यासाठी ठेवलेला होता. चुलीजवळ कमलच्या ताटात मात्र भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि आमच्याच कांद्यांचे काढलेले तांबडे पापुद्रे होते.

मी सांगितले, "मावशी, कांद्यातलं कामाचं द्रव्य बाहेरच्या पापुद्र्यांत जास्त असतं. आम्हाला तेच हवं आहे."

गयाबाई हसल्या नाहीत. "मास्तरीनबाई, पाव्हन्यांच्या ताटात साल वाढायची व्हय? उद्या सोलापुरात जाऊन सांगचाल, मिरजगावात आमाला साली घातल्या."

"साल नाही, मावशी. सालीच्या लगेच आतला थर."

"तेच ते. त्यो घरच्यांनी खायचा."

त्या भागात ही रीत पक्की आहे. पाहुण्याला गाभा, घरच्यांना वरचे. आमच्याकडेही आम्ही कांद्याचा पहिला ओला थर सालीबरोबर टाकूनच देतो. फरक एवढाच, की आमच्याकडे तो कोणीच खात नाही. दोन दिवस आमचा मान असाच चालला. बशीभर साखरेचा चहा, शेवयांची खीर, आणि ताईसाठी खास तुपातला सांजा. दोऱ्यावरची खूण तसूभर हलली नाही, आणि हलायचे कारणही नव्हते. मी प्रयोगासाठी जो आहार शोधत आले होते, तो माझ्यापासून हातभर अंतरावर, चुलीपाशी, दुसऱ्यांच्या ताटात होता.

तेव्हा मी, मोठी युक्ती केली असे समजून, गयाबाईंना सांगितले की ताईला डॉक्टरांनी पथ्य दिले आहे. पथ्य म्हटल्यावर कोणी आग्रह करणार नाही, असा माझा हिशेब होता. हिशेब निम्मा बरोबर ठरला. आग्रह थांबला. दुपारच्या ताटात मऊ भात, सालीशिवायच्या मुगाचे वरण आणि शिरा-साल काढलेले दोडके आले. आता कांदा मुळीच नव्हता.

"कांदा कुठं आहे?" मी विचारले.

"सुजंला कांदा वातूळ," गयाबाई म्हणाल्या. "आंबट बी न्हाई, तिकाट बी न्हाई, पाला तर अजाबात न्हाई. पथ्य म्हंजे पथ्य."

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. "सुमन, तुझ्या शास्त्रानं माझ्या ताटात उरलासुरला रंग होता तोही घालवला."

मी त्या संध्याकाळी बराच विचार केला. पाहुणीचे ताट पांढरे होते आणि आजाऱ्याचे त्याहून पांढरे. ज्या ताटात रंग होता, त्या ताटाला हक्क लागत होता, आणि तो हक्क कष्टाने मिळत होता. हे माझ्या आधी ताईच्या ध्यानात आले होते. जेवणे झाल्यावर तिने जाहीर केले, "उद्यापासून मी कांदे कापायला येणार."

गयाबाईंना ते रुचले नाही. "पाव्हनी कामाला बसली तर लोक काय म्हनतील?"

"म्हणतील, नर्सबाईची रजा नामंजूर झाली."

दाजी अंगणातून म्हणाले, "रोजगार मागू नका म्हंजे झालं."

शेतात

उपटलेले कांदे पातीसह वाफ्यांत वाळत टाकलेले असतात. बाया ओळीने उकिडव्या बसून विळ्याने त्यांची पात कापतात आणि लहान-मोठे वेगळे करतात. ताईला उकिडवे बसता येत नव्हते. तिच्यासाठी तेलाचा रिकामा डबा पालथा घातला गेला, आणि ती त्यावर बसून विळा चालवू लागली. पहिल्याच दिवशी चाळीसमोरच्या तोलकाट्यावर दाजींनी तिला उभे केले होते. काटा स्थिरावल्यावर ते म्हणाले, "एका गोणीत मावायचं न्हाई."

"काटा जास्त दाखवतोय, दाजी," ताई म्हणाली. "व्यापाऱ्यापुढं हाच लावत जा."

दुपारी लिंबाच्या सावलीत सगळ्यांच्या भाकऱ्या एका फडक्यावर आल्या. तिथे पाहुणी कोणी नव्हती. रखमा नावाच्या शेजारच्या वस्तीवरच्या बाईने कांदा जमिनीवर ठेवला, एका बुक्कीत फोडला, वरचा कागदासारखा पापुद्रा फुंकून उडवला आणि अर्धा ताईच्या हातात दिला. पहिला तांबडा, रसाळ थर जागच्या जागी होता. बरोबर शेवग्याचा पाला, रात्रीचे हुलग्याचे शेंगोळे आणि ठेचा. हुलगा हे तपकिरी सालीचे कडधान्य. सालीसकट दळलेल्या त्याच्या पिठाच्या वळ्या रश्शात शिजवून केलेली ही शेंगोळी या जिल्ह्यात घरोघर होतात. आमच्या सोलापूरकडच्या कडक भाकरीची सवय असलेल्या माझ्या दातांना त्यांचा मऊपणा प्रथम नवा वाटला, आणि मग मी कमलला रोज ती करायची गळ घातली.

मला राहवले नाही. मी बायांना रंगद्रव्यांविषयी समजावून सांगितले : कुठे असतात, काय करत असावीत, आणि ताईचा गुडघा त्यांनी उतरेल अशी मला का आशा आहे. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. माझे संपल्यावर रखमाने विचारले, "आमी तर जल्मभर ह्येच खातो. अंगावर मास बी न्हाई. मंग आमचं गुडगं का दुखत्यात?"

वर्गात असा प्रश्न आला की मी फळ्याकडे वळते. तिथे फळा नव्हता. मी म्हटले, "तुमचे गुडघे झिजून दुखतात. दिवसभर उकिडवं बसून. ती झीज जेवणानं भरून येणार नाही."

"म्हंजे आमाला कांदा लागू न्हाई, आन् बाईला लागू."

"बाईंना लागू आहे की नाही, हेच तर मला अजून माहीत नाही."

"बरं," रखमा म्हणाली आणि ताईला उरलेला अर्धा कांदाही देऊन टाकला. "मंग तुमीच खावा. कळलं की सांगा."

तिचा प्रश्न मला पुढचे सगळे दिवस टोचत राहिला, आणि ते टोचणे योग्यच होते. दुखण्याची कारणे वेगवेगळी असतात. एका कारणावरचा उपाय साऱ्यांवर चालेल असे मानणे ही आपल्या सगळ्यांची सोयीची चूक आहे.

ताई रोज बांधावरून शेतावर जाई आणि उन्हे कलल्यावर परत येई. गयाबाईंनी पहिले दोन दिवस तोंड फिरवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी न विचारता भाकरी थापली, आणि ताटात कांद्याचे तांबडे पापुद्रे ठेवून म्हणाल्या, "घे. आता तू घरची." ताईने ते मिठाला लावून खाल्ले. मीही मागितले. "तुमी अजून पाव्हन्याच," म्हणून गयाबाईंनी मला गाभाच दिला. मी विळा धरला नव्हता.

मुक्काम संपत आला तेव्हा दोऱ्यावर सकाळची खूण मागच्या खुणेच्या नखभर आत आली होती. संध्याकाळची खूण अजून बाहेरच होती, पण तीही सरकली होती. तोलकाट्यावर ताईला पुन्हा उभे केले. पहिल्या दिवसापेक्षा काटा एखाद्या मोठ्या कांद्याइतका हलला असेल. मी फार समाधानाने म्हटले, "वजन जवळपास तेच, आणि सूज उतरली."

ताईने दोरा माझ्या हातातून घेतला आणि बोटाला गुंडाळत राहिली. "चहातली साखर गेली. पुऱ्या गेल्या. वॉर्डातलं दिवसभराचं उभं राहणं गेलं. रोज चालले. रात्री झोप लागली. आता यातलं तुझ्या कांद्यानं किती केलं, ते काढून दाखव."

मला काढून दाखवता आले नाही. एकच गोष्ट बदलायची, असे मी ठरवले होते. माणसाचे जेवण बदलायला गेले की त्याबरोबर त्याचा सारा दिवसच बदलतो, हे मला आधी सुचले नव्हते.

भंडारदरा

नगर, संगमनेर, अकोले असे टप्पे घेत आम्ही डोंगरात शिरलो. अकोल्यापुढे हवा बदलते. जिल्ह्याच्या त्या दुसऱ्या टोकाची कोरडी, मोकळी माळराने डोळ्यांत असताना एकदम उभे कडे समोर येतात आणि त्यांच्या पायथ्याशी जलाशय दिसतो. मे महिन्यामुळे पाणी खाली गेले होते आणि काठाची तांबडी माती उघडी पडली होती. उतारांवर भाताच्या रोपांसाठी भाजून ठेवलेले काळे चौकोनी वाफे, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना करवंदांच्या जाळ्या. गर्द जांभळी, टपोरी करवंदे. त्यांचा रंग बोटांना लागला की धुऊनही जात नाही. माझ्यातली शिक्षिका प्रत्येक जाळीपाशी थांबत होती.

उपकेंद्रात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या हिराबाईंनी आमची उतरायची सोय आपल्याच घरी केली होती. पन्नाशीच्या, सडपातळ आणि कमी बोलणाऱ्या. ताई नवी नर्स म्हणून येणार की नाही, हे त्यांना कळलेले नव्हते, आणि त्यांनी विचारलेही नाही. फक्त म्हणाल्या, "वाटा बघून घ्या. मंग ठरवा."

दुसऱ्या दिवशी त्या आम्हाला सगळ्यात वरच्या पाड्यावर घेऊन गेल्या. चढ खडा होता. ताई काठी टेकत, मधे मधे दगडावर बसत चढली.

"इथं सपाट वाट न्हाईच का?" मी विचारले.

"न्हाई," हिराबाई म्हणाल्या. "पर घाई बी न्हाई. मागल्या नर्सबाई घाई करायच्या, त्या पडल्या."

"मग?"

"मंग त्या गेल्या. तवापासून इथं कोनी न्हाई. औंदा दोघी बायांना बाळंतपनाला झोळीत घालून खाली न्यावं लागलं."

ताईने हे ऐकले आणि ती उठून चालू लागली. वर पोहोचल्यावर ती एका गरोदर मुलीजवळ बराच वेळ बसली, तिचे पाय दाबून पाहिले, डोळे पाहिले. उतरताना मात्र तिचा चेहरा ओढलेला होता. चढापेक्षा उतार गुडघ्याला जड जातो.

घरी हिराबाईंनी ताटे वाढली. आमच्या ताटांत पांढरा भात, त्यांच्या ताटात नागलीची, म्हणजे नाचणीची, काळसर तांबडी भाकरी. जिल्हा ओलांडून आलो तरी रीत तीच. मी ताईकडे पाहिले. ती आता नागली मागेल असे मला वाटले. तिने तो भातच कालवून घेतला.

संध्याकाळी मी दोरा फिरवला. टोके मिरजगावच्या सगळ्या खुणा ओलांडून, पहिल्या दिवसाच्या खुणेच्याही बाहेर गेली. मी शाईचे झाकण लावले. ताई भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती.

"मिळालं तुझं उत्तर?" तिने विचारले.

"मिळालं," मी म्हटले.

"भांडारात खिडकी तरी आहे," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

सकाळी मी जागी झाले तेव्हा ताई आधीच उठून उंबऱ्यावर बसली होती. दोरा तिने स्वतःच गुडघ्याला लावलेला होता. मला तिने जवळ बोलावून दाखवले. टोके कालच्या खुणेपासून पुष्कळ आत, मिरजगावच्या शेवटच्या सकाळच्या खुणेशी जवळजवळ जुळत होती. हिवाळ्यापासून तिची सूज एका रात्रीत कधी उतरली नव्हती.

"सुजणार," ताई म्हणाली. "चढले की सुजणार. पण आता रात्रीत खाली येतेय. सुमन, मला तेवढंच पुरे आहे. एक दिवस वर, एक दिवस खाली केंद्रात. घाई करायची नाही."

हिराबाईंनी न्याहारीला आमच्यापुढे तांदळाच्या भाकरी ठेवल्या. ताईने आपली भाकरी उचलून परत टोपल्यात ठेवली.

"नागलीची वाढा," ती म्हणाली.

"पाव्हन्यांना नागली देत न्हाईत, बाई."

"मी पाहुणी नाही. जूनला रुजू होतेय."

हिराबाईंनी आपल्या ताटातली भाकरी मोडली आणि अर्धी तिच्या ताटात ठेवली. "मीठ तिकडं हाय. आपलं आपन घ्या," त्या म्हणाल्या. मी तांदळाची भाकरी खाल्ली.

परत आल्यावर

ताई जूनमध्ये रुजू झाली. तिची पत्रे येतात. पाऊस सुरू झाल्यापासून गुडघा काही संध्याकाळी फार सुजतो, काही संध्याकाळी कमी. सकाळी बहुधा उतरतो. गोळी चालूच आहे. जेवणात नागली, पाला, हुलगे आणि बुक्कीने फोडलेला कांदा आहे. चालणे आहे, आणि तिला आवडते ते काम आहे. यांतील कोणी किती काम केले, ते ना तिला सांगता येते, ना मला. आरंभीच्या प्रश्नाचे माझ्याजवळचे उत्तर एवढेच आहे : एका माणसाच्या एका गुडघ्यावर, वजन न उतरता, सूज कमी झाली. रंगद्रव्यांचा त्यात वाटा असावा असे मला वाटते. सिद्ध झाले, असे म्हणायला हे पुरेसे नाही. रखमाला मी तसेच पत्राने कळवले आहे.

म्हणून वाचकांना विनंती. आपल्या घरात कोणी जड अंगाचे, सुजऱ्या सांध्यांचे असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून, औषध बंद न करता, त्यांच्या ताटात कांद्याचा पहिला ओला थर, सालीसकट कडधान्ये, पालेभाज्या आणि ऋतूची फळे वाढून पाहा. एक न ताणणारा दोरा घ्या आणि रोज ठरल्या वेळी सूज मोजा. त्या दिवसांत आणखी काय काय बदलले, तेही प्रामाणिकपणे टिपा. सूज उतरली तर कळवा. उतरली नाही, तर अवश्य कळवा. माझ्या लिहिण्यावरून काही ठरवू नका. स्वतः तपासून पाहा.